निरंक लिहिण्याआधी : गावापासून दिल्लीपर्यंत रोगांवर नजर ठेवण्याची रीत

सरकारी मराठीत एक फार सोयीचा शब्द आहे, निरंक. हिवताप निरंक, कावीळ निरंक, गोवर निरंक असं खालीखाली लिहीत गेलं की आठवड्याचा फॉर्म पाच मिनिटांत संपतो आणि सभेतला चहा गरम असतानाच मिळतो. मीही हे केलंय. आरोग्य सेवक म्हणून लागलो त्या पावसाळ्यात माझ्या एका पाड्याचा हिवताप सलग आठ आठवडे निरंक होता. नवव्या आठवड्यात पर्यवेक्षकांनी रजिस्टर चाळलं आणि एवढंच विचारलं, "या पाड्यावर शेवटचा कधी गेला होतास रे?" ओढ्याला पाणी होतं, मी गेलोच नव्हतो. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून चिखल तुडवत गेलो, तर अकरा घरांत सात जणांना ताप.

तेव्हापासून कुठलाही शून्य दिसला की मी आधी विचारतो, शोधलं कुणी? पुढची सगळी रीत या एका प्रश्नाभोवती फिरते. नव्याने लागलेले समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्य सेवक-सेविका, पहिल्या नेमणुकीवरचे डॉक्टर आणि आरोग्य समितीत बसणारे ग्रामपंचायत सदस्य यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं बहुतेक हिवताप आणि हत्तीरोगाची आहेत. हे परजीवींचे आजार सर्वेक्षणातली ढिलाई फार लवकर उघडी पाडतात.

आधी माणसं मोजा

रोग मोजायचा म्हणजे भागिले काहीतरी लागतंच, आणि बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं. उपकेंद्राला कागदावर ५,००० लोकसंख्या असते, आदिवासी आणि डोंगरी भागात ३,०००. प्रत्यक्षात कधी ती साडेसहा हजार असते, कधी दिवाळीनंतर निम्मा गाव ऊसतोडीला गेलेला असतो.

एका वहीत गावनिहाय नव्हे, वस्तीनिहाय यादी करा. गावठाण, पाडे, तांडे, शेतातली घरं, वीटभट्ट्या, बांधकामावरच्या झोपड्या, आश्रमशाळा, धनगरांचे वाडे. प्रत्येकासमोर घरं, माणसं आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो ते लिहा. शेवटचा रकाना कुणी सांगत नाही, पण पुढे तोच उपयोगी पडतो. निरंक आलेल्या वस्त्या आणि पोचायला दोन तास लागणाऱ्या वस्त्या यांची यादी शेजारीशेजारी ठेवून बघा, बरीच नावं जुळतील.

बाहेरून आलेल्यांना कुठे मोजायचं, हा वाद नेहमीचा. साधा नियम असा: आज रात्री जो जिथे झोपतो, तो तिथला. त्याचा रक्तनमुना तुमच्याच खात्यात. मात्र पॉझिटिव्ह आला तर गेल्या महिन्याभरात तो कुठेकुठे राहिला ते खोदून विचारा. गडचिरोलीतून आलेला मजूर मुंबईत तापला तर उपचार मुंबईत होतात, पण संसर्ग कुठला हे ठरल्याशिवाय फवारणी कुठे करायची ते ठरत नाही. स्थानिक रुग्ण आणि बाहेरून आलेला रुग्ण हे दोन रकाने वेगळे ठेवण्याचं कारण हेच.

व्याख्या घट्ट धरा

देशपातळीवरचा एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला. त्याचं केंद्र दिल्लीचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र. या संस्थेचं मूळ १९०९ साली कसौलीला निघालेल्या हिवतापाच्या कचेरीत आहे, म्हणजे आपल्याकडे रोग मोजण्याची सवय लागली तीही हिवतापापायीच.

या कार्यक्रमात एकच रोग तीन पायऱ्यांवर नोंदवला जातो. आरोग्य सेवक लक्षणं नोंदवतो, तो एस फॉर्म. डॉक्टर तपासून संशयित निदान लिहितो, तो पी. प्रयोगशाळा खात्री करते, तो एल. एकाच माणसाचा ताप तिन्हीकडे येऊ शकतो, म्हणून तिन्हींची बेरीज कधीही करायची नाही. एका जिल्हा आढाव्यात अशी बेरीज करून 'साथ' जाहीर होता होता राहिलेली मी पाहिलीय.

एस फॉर्म भरताना निदानाचा मोह टाळा. "डेंग्यूसारखा वाटतोय" असं लिहू नका. ताप सात दिवसांहून कमी की जास्त, पुरळ आहे का, रक्तस्राव आहे का, शुद्ध हरपलीय का, एवढंच लिहा. खोकला दोन आठवड्यांच्या आतला की पुढचा, जुलाब पाण्यासारखे की रक्त पडणारे, हेही तसंच. व्याख्या वर्षभर तीच राहिली तरच या जुलैची तुलना मागच्या जुलैशी करता येते. मधेच कुणी हुशारी करून ती सैल केली की आकडा वाढतो, आणि तो डासांनी वाढवला की फॉर्मने, हे नंतर कुणालाच कळत नाही.

ताप शोधत फिरणं

दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांचे नमुने घेणं हा सर्वेक्षणाचा एक पाय, आणि दर पंधरवड्याला घरोघर जाऊन "कुणाला ताप आहे का, मागच्या पंधरा दिवसांत येऊन गेला का" हे विचारणं हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नातला 'येऊन गेला का' महत्त्वाचा. हिवतापाचा ताप एक दिवसाआड उतरतो. तुम्ही जाता त्या दिवशी माणूस बरा असतो आणि रानात गेलेला असतो.

रक्तनमुना घेणं हे हाताचं काम आहे, वाचून येत नाही. तरी काही गोष्टी सांगतो. डाव्या हाताची अनामिका घ्या. स्पिरिटने पुसल्यावर बोट सुकू द्या, ओल्या स्पिरिटात रक्ताचा थेंब पसरतो. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाका. जाड थर साधारण एक सेंटिमीटर व्यासाचा करा. तो बरोबर झालाय का हे बघायची जुनी युक्ती म्हणजे काचपट्टी वर्तमानपत्रावर ठेवायची. रक्ताखालची अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. अक्षरं स्वच्छ दिसली तर थर पातळ, दिसलीच नाहीत तर जाड. शेजारी पातळ थर ओढा आणि त्याच्यावरच पेन्सिलीने क्रमांक घाला. पावसाळ्यात काचपट्टी लवकर सुकावी म्हणून चुलीजवळ ठेवणारे भेटतात. असं कधी करू नका. उष्णतेने जाड थर काचेवर पक्का बसतो आणि रंग नीट चढत नाही. उघडी ठेवलीत तर माश्या आणि झुरळं रक्त खातात, आणि तंत्रज्ञाला भिंगाखाली नुसती भोकं दिसतात.

तंत्रज्ञाने जाड थराची किमान १०० क्षेत्रं (भिंगात एका वेळी दिसतो तेवढा भाग म्हणजे एक क्षेत्र) पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नसतं. एका दिवसात दोनशे काचपट्ट्या निगेटिव्ह आल्या तर घड्याळ लावून हिशेब करा, मग बोला. जलद तपासणी किट सोपं आहे, दुर्गम पाड्यावर तर वरदानच. पण फाल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीच्या किटला उपचारानंतरही कित्येक आठवडे रेघ येऊ शकते. उपचार झालेल्या माणसाची पुन्हा खात्री करायची तर काचपट्टीच घ्या, नाहीतर एकच रुग्ण दोनदा मोजाल. हिवतापाचा दुसरा परजीवी व्हायवॅक्स, त्याची गंमत निराळी. तो यकृतात दडून राहतो आणि काही महिन्यांनी त्याच माणसात उलटतो. प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस पूर्ण झाल्या होत्या का, हे जुन्या नोंदीत बघितल्याशिवाय त्याला 'नवा रुग्ण' लिहू नका.

आमच्याकडे एक आजी होत्या. आशाताई दारात दिसल्या की त्या आधीच बोट पदराखाली घ्यायच्या. "परवाच तर दिलं की गं रक्त, त्याचं काय झालं ते सांग आधी." आजींचं बरोबर होतं. आम्ही रक्त नेत होतो आणि निकाल सांगत नव्हतो. निगेटिव्ह असला तरी निकाल घरी कळवायचा, हा नियम केल्यावर आजींचं बोट आपणहून पुढे यायला लागलं.

दोन उपकेंद्रांचं गणित

तीन आकडे पाठ करा. वर्षभरात तपासलेले रक्तनमुने भागिले लोकसंख्या गुणिले १००, हा वार्षिक रक्त तपासणी दर. तो किमान १० टक्के असावा असा कार्यक्रमाचा जुना दंडक आहे. पॉझिटिव्ह नमुने भागिले तपासलेले नमुने गुणिले १००, हा पॉझिटिव्हिटी दर. पॉझिटिव्ह भागिले लोकसंख्या गुणिले १,०००, हा वार्षिक परजीवी निर्देशांक. सभेत याला सगळे एपीआय म्हणतात.

आता समजा, दोन्ही उपकेंद्रांची लोकसंख्या ५,०००. पहिल्याने वर्षात ६०० नमुने घेतले, ६ पॉझिटिव्ह आले. दुसऱ्याने १०० घेतले, ३ आले. पहिल्याचा एपीआय १.२, दुसऱ्याचा ०.६. सभेत पहिल्याला बोलणी बसतात आणि दुसऱ्याचं कौतुक होतं. पण पहिल्याचा तपासणी दर १२ टक्के आहे, दुसऱ्याचा फक्त २. पॉझिटिव्हिटी पहिल्याकडे १ टक्का, दुसऱ्याकडे ३. ज्याने जास्त शोधलं त्याचा रोग जास्त दिसला, एवढंच घडलंय. दुसरीकडे खरा हिवताप किती आहे ते कुणालाच ठाऊक नाही, आणि तिथला आरोग्य सेवक निवांत आहे.

पॉझिटिव्हिटी दरही डोळे मिटून वापरू नये. फक्त फणफणलेल्या रुग्णांचेच नमुने घेतले तर तो आपोआप चढतो. ताप नसलेल्या शाळकरी मुलांची बोटं टोचून उद्दिष्ट पुरं केलं तर आपोआप उतरतो. उद्दिष्टाचा आणखी एक खेळ डिसेंबरात चालतो. हिवतापाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, म्हणून शेवटच्या महिन्यात काचपट्ट्यांचा पाऊस पडतो. खरा पाऊस आणि खरा हिवताप जुलै ते ऑक्टोबरात होऊन गेलेला असतो. म्हणून वार्षिक दराच्या जोडीने महिन्याचा दरही काढा आणि पावसाळ्याचे चार महिने वेगळे बघा.

हा फरक देशपातळीवर केवढा होतो? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरोघर जाऊन, मृत्यूपूर्वीची लक्षणं नातेवाइकांना विचारून मृत्यूंची कारणं ठरवली होती. त्यात भारतात सत्तरीच्या आत हिवतापाने वर्षाला सुमारे दोन लाख लोक दगावत असल्याचा अंदाज निघाला. सरकारी नोंदीत तेव्हा वर्षाला हजाराच्या आसपास मृत्यू होते आणि जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज १५,००० होता. सरकारी कार्यक्रमाने तो मोठा आकडा मान्य केला नाही, आणि लक्षणांवरून मृत्यूचं कारण ठरवण्यात चूक होऊ शकते हा आक्षेप खोटाही नव्हता. तरी एका गोष्टीवर वाद झाला नाही: दवाखान्यापर्यंत न पोचलेला मृत्यू दवाखान्याच्या रजिस्टरात सापडत नाही.

आणि कमी आकड्यावर विसंबून हात सैल सोडले की काय होतं, तेही देशाने पाहिलंय. १९६५ च्या सुमारास हिवतापाचे रुग्ण एक लाखावर आले होते. १९७६ मध्ये नोंद झाली ६४ लाखांहून जास्त.

हत्तीरोग : रात्रीचं रक्त

हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि रात्री हातापायाच्या रक्तात उतरतात. क्युलेक्स डासाची चावायची वेळही तीच. म्हणून सकाळी अकराला घेतलेला नमुना निगेटिव्ह आला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. नमुने रात्री साडेआठ ते बाराच्या दरम्यानच घ्यायचे.

कागदावर हे एक वाक्य आहे. प्रत्यक्षात गाव नऊला झोपतं. दार वाजवलं की कुत्री अंगावर येतात, मुलं रडतात, कुणीतरी पिऊन भांडायला उठतं आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. "रात्री रक्त नेतात म्हणजे विकतात" ही अफवा तर ठरलेली. उपाय असा: दोन दिवस आधी दवंडी द्या. पोलीस पाटील, सरपंच आणि एखादी बचतगटातली ताई यांचे नमुने सगळ्यांसमोर आधी घ्या. एका रात्री एकच आळी धरा. डोक्याला बांधायची बॅटरी न्या, कारण मोबाईलचा उजेड धरायला तिसरा हात नसतो. यादीत नाव, वय, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि घराची खूण हवीच. पॉझिटिव्ह निघालेल्याला बारा दिवस गोळ्या द्यायच्या असतात आणि दिवसाउजेडी तो सापडला पाहिजे. एकाच वाडीत 'बाळू' नावाचे चौघे असतात, हा माझा अनुभव.

एका ठिकाणी निदान ३०० जणांची तपासणी धरा. ४ पॉझिटिव्ह आले तर दर १.३३ टक्के, म्हणजे एक टक्क्याच्या रेघेच्या वर, सामुदायिक औषधोपचार (सगळ्या गावाला एकदम गोळ्या देणं) चालूच. २ आले तर ०.६७, म्हणजे पुढच्या टप्प्याची चाचणी करता येईल. पण हे ३०० कोण, ते बघा. सोपं म्हणून पानटपरीवर जागी असलेली पोरंच टोचली आणि घरातल्या बायका-म्हातारी सोडली, तर टक्केवारी टपरीची निघेल, गावाची नाही.

पुढच्या टप्प्यात सहा-सात वर्षांची मुलं तपासतात. ही मुलं औषधवाटप सुरू झाल्यानंतर जन्मलेली, त्यामुळे त्यांच्या रक्तात खूण सापडली तर प्रसार अजून चालू आहे असं समजायचं. ही तपासणी पट्टीवर होते, दिवसा शाळेतही चालते.

मधला दुवा मात्र कच्चा राहतो: गोळ्या वाटल्या आणि गोळ्या गिळल्या यातला. एकूण लोकसंख्येच्या निदान ६५ टक्के लोकांनी प्रत्यक्ष औषध घेतलं पाहिजे. घरात ठेवलेल्या गोळ्या मोजणीत धरू नका. समोर गिळली तरच खूण, नाहीतर रकाना कोरा. मोहीम संपल्यावर कुणा तिसऱ्याच माणसाने वीस घरांत जाऊन "खाल्ली का?" विचारावं, फळीवर, देवघरात, टीव्हीमागे गोळ्यांची पाकिटं सापडतात. नागपूर हा तीन औषधं एकत्र देण्याचा प्रयोग सुरुवातीला ज्या मोजक्या जिल्ह्यांत झाला त्यांपैकी एक. औषध कितीही चांगलं असलं तरी देवघरातून ते रक्तात जात नाही.

अहवाल आणि त्यातला शून्य

आठवडा सोमवार ते रविवार. पूर्वी कागद, मग ईमेल. एप्रिल २०२१ पासून देशभर एकात्मिक आरोग्य माहिती मंच, ज्याला सगळे आयएचआयपी म्हणतात. त्यात मोबाईलवरून रोजच्या रोज नोंद होते आणि एकेका रुग्णाची माहिती गावासकट वर जाते. रेंज नसलेल्या उपकेंद्रात रोजचं काम आठवड्याने होतं, पण वहीत तारीख त्या दिवसाचीच घाला.

कोरा रकाना आणि शून्य यांत गल्लत करू नका. कोरा म्हणजे अहवाल आलाच नाही. शून्य म्हणजे शोधलं आणि सापडलं नाही. तालुक्याला बेरीज करणाऱ्याने कोऱ्या जागी शून्य टाकलं की ती चूक पुढे कुणी पकडू शकत नाही. निरंक लिहाल तेव्हा शेजारी एक ओळ लिहायची सवय लावा. माझ्या वहीत ती अशी असायची: "निरंक. घरं १८० पैकी १६२ भेटी. तापाचे ९, नमुने ९, सर्व निगेटिव्ह. खासगी दवाखाने २, दोन्हींकडे विचारलं. ओढ्यापलीकडची १८ घरं बाकी, शुक्रवारी." फॉर्ममध्ये याला जागा नसते, नसू द्या.

खासगी दवाखाने वगळून भारतात कुठलाही आकडा पुरा होत नाही. क्षयरोगाची नोंद सगळ्या डॉक्टरांना ७ मे २०१२ पासून सक्तीची झाली. २०२३ मध्ये देशात सुमारे २५.५ लाख क्षयरुग्ण नोंदले गेले, त्यातला तिसरा हिस्सा खासगीतला. ते लोक आधीही आजारी पडत होते, मोजले जात नव्हते. गावपातळीवर यासाठी कायद्याची भाषा करू नका. शनिवारी दुपारी डॉक्टरांऐवजी कंपाउंडरला फोन करा, रजिस्टर त्याच्याच हातात असतं. औषध दुकानदाराला विचारा, ओआरएसची पाकिटं या आठवड्यात जास्त गेली का.

आकडा चढला हे ओळखायचं कसं

मोठं सॉफ्टवेअर नको. मागच्या पाच वर्षांतले याच आठवड्याचे आकडे चढत्या क्रमाने लावा. वरून दुसरा आकडा ही धोक्याची रेघ. समजा ३, ४, ५, ६ आणि ११ असे आकडे आहेत. रेघ ६ वर. यंदा ९ आले, म्हणजे उठा आणि निघा. ११ चं वर्ष साथीचं असेल, पण दुसरा आकडा घेतल्याने ते एक वर्ष सगळं गणित बिघडवत नाही. पटकी, लुळेपणा, घटसर्प यांना असली रेघ नाही. तिथे एक रुग्ण पुरे.

मग रुग्णांची यादी करा. नाव, वय, लिंग, वस्ती, लक्षणं सुरू झाल्याची तारीख, पाणी कुठलं, काम काय, कुठे जेवले. आलेख काढताना दवाखान्यात आल्याची तारीख घेऊ नका, आजार सुरू झाल्याची घ्या. बाजाराच्या दिवशी सगळे एकदम दवाखान्यात येतात आणि खोटा सुळका दिसतो. खरी तारीख लोकांना आठवत नाही. "पोळ्याच्या आधी की नंतर?" असं विचारलं की आठवते.

काविळीत तर मागे जाऊन शोधायला लागतं. दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ई ला लक्षणं दिसायला दोन ते आठ आठवडे लागतात. आज तुम्ही विहिरीचा नमुना घेताय, पण पाइप फुटला होता दीड महिन्यापूर्वी आणि एव्हाना तो जोडलाही गेलाय. पाण्याचा अहवाल 'पिण्यास योग्य' येतो, सगळे हुश्श करतात. म्हणून पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याशी बसून बोला, चहा पाजा. कुठली गळती कधी काढली हे त्याला तोंडपाठ असतं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गिलियन-बारे या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हाही आधी खूण दिसली ती रुग्णालयांत हातपाय लुळे पडलेल्यांच्या गर्दीने, आणि मग चौकशी पाण्याकडे वळली.

माणसाबाहेरच्या खुणा

काही रोग माणसाआधी दुसरीकडे दिसतात. गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडे माकडतापाचे (रानातल्या गोचिडींतून येणारा ताप, माकडंही त्याने मरतात) रुग्ण निघाले ते २०१५-१६ च्या सुमारास. तिथल्या काजूबागायतदारांना आता माहीत आहे की रानात माकड मरून पडलं तर हात लावायचा नाही, आधी कळवायचं. हे माकड मोजणं म्हणजेच सर्वेक्षण, आणि ते वनरक्षक, गुराखी आणि बागायतदारच करू शकतात. त्यांचे नंबर तुमच्या फोनमध्ये आहेत का?

मुंबईत पोलिओसाठी सांडपाण्याचे नमुने २००१ पासून घेतले जातात. लाखो माणसांच्या दारात न जाता गटारातून उत्तर मिळतं. हे मात्र सांडपाण्याची वाहिनी असलेल्या शहरातच जमतं, आपल्या गावात नाही.

शून्य सिद्ध करायचा तर

रोग उरलेला नाही हे दाखवायचं असतं तेव्हा सर्वेक्षण सैल होण्याऐवजी आणखी आवळावं लागतं. पोलिओवाल्यांनी यासाठी फार सुंदर तोड काढली. पंधरा वर्षांखालच्या मुलांत पोलिओ नसला तरी इतर कारणांनी अचानक लुळेपणा येतोच, दर लाख मुलांमागे वर्षाला निदान एकाला. भारताने आपली अट दोनाची ठेवली. ज्या जिल्ह्यात असा एकही लुळेपणा सापडत नाही, तिथे पोलिओ नाही असं म्हणायचं नाही. तिथे कुणी बघत नाही असं म्हणायचं. सापडलेल्या प्रत्येक मुलाचे शौचाचे दोन नमुने, एक दिवसाच्या अंतराने, लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि प्रमाणपत्र मिळालं २७ मार्च २०१४ ला. मधली तीन वर्षं हेच शोधणं चालू होतं. हिवतापात चीनने रुग्णाची नोंद एका दिवसात, चौकशी तीन दिवसांत आणि वस्तीवरची कारवाई सात दिवसांत असा १-३-७ चा नियम पाळला आणि २०२१ मध्ये हिवतापमुक्तीचा दाखला मिळवला. रुग्ण थोडे असतील तर हा नियम आपल्या तालुक्यातही चालतो. ५० असतील तर नुसतं पहिल्या आकड्यातच दमछाक होते.

याहून जुना धडा नारूचा, म्हणजे पायाच्या फोडातून दोऱ्यासारखा बाहेर येणाऱ्या जंताचा. आज चाळिशीच्या आतल्या मराठी माणसाला हा शब्द माहीत नसतो, पण राजस्थानपासून तमिळनाडूपर्यंतच्या ज्या सात राज्यांत नारू होता त्यांत महाराष्ट्रही होता. पायविहिरीत माणूस उतरायचा, पायाच्या फोडातून जंत पाण्यात पिल्लं सोडायचा, आणि तेच पाणी घरोघर प्यायलं जायचं. १९८४ मध्ये देशात सुमारे ४० हजार रुग्ण मोजले गेले. या रोगावर ना लस होती ना जंत मारणारं औषध. गाळून पाणी प्या, पायविहिरी बंद करा, पाण्यात औषध टाका आणि प्रत्येक रुग्ण शोधा, एवढीच हत्यारं. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला. मुक्तीचा दाखला मात्र फेब्रुवारी २००० मध्ये आला. त्या साडेतीन वर्षांत कार्यकर्ते गावोगाव नारूचं चित्र दाखवत फिरले, रुग्ण कळवणाऱ्याला रोख बक्षीस जाहीर झालं आणि कानावर आलेली प्रत्येक वदंता नोंदवून तपासली गेली.

तुमच्या उपकेंद्रातही अशी एक वही ठेवा, ऐकीव खबरांची. कुणी सांगितलं, काय सांगितलं, कधी गेलो, काय दिसलं, असे चार रकाने पुरतात. माझ्या वहीतली एक जुनी नोंद अजून आठवते. "दूधवाल्याने सांगितलं, वरच्या वाडीत म्हाताऱ्याच्या पायातून दोरा निघतोय. त्याच दिवशी गेलो. काट्याचं गळू, आत धोतराचा धागा."